खुलासा: क्रॉनमधलं ‘*/४५’ म्हणजे दर ४५ मिनिटांनी नव्हे

क्रॉन म्हणजे लिनक्स-युनिक्सवर ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, आणि क्रॉनटॅब म्हणजे त्याच्या वेळापत्रकाची फाइल. तिच्यात मिनिटांच्या रकान्यात */४५ लिहिलं की स्क्रिप्ट दर ४५ मिनिटांनी चालते, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे.

क्रॉन मागच्या वेळेपासून अंतर मोजतच नाही. तो दर मिनिटाला घड्याळ पाहतो आणि ओळीशी जुळलं तर काम सुरू करतो. ० ते ५९ मध्ये ४५ च्या पायऱ्या दोनच: ० आणि ४५. म्हणजे स्क्रिप्ट १०:०० ला, १०:४५ ला आणि लगेच ११:०० ला चालणार. दिवसाला ३२ ऐवजी ४८ वेळा! */५, */१५ बिनघोर चालतं, कारण ६० ला त्यांनी नि:शेष भाग जातो. म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे. */७ मध्ये ५६ नंतर चारच मिनिटांत पुन्हा ०.

खरोखर ४५ मिनिटं हवी असतील तर चक्र तीन तासांचं (४५ × ४ = १८० मिनिटं) धरा आणि तीन ओळी लिहा (रकाने क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार; आकडे अर्थात इंग्रजीच टाइप करायचे):

०,४५ */३ * * *
३० १-२३/३ * * *
१५ २-२३/३ * * *

प्रत्येक ओळीपुढे तीच आज्ञा, स्क्रिप्टच्या पूर्ण पाथसह (म्हणजे फोल्डरांसकट पत्त्यासह). नुसतं नाव दिलं तर टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनला बहुधा सापडत नाही, कारण आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या याची त्याची यादी (PATH) फार तोकडी असते.

तारखेच्या रकान्यातही हाच घोळ: */२ दिल्यास ३१ तारखेला चाललेलं काम दुसऱ्याच दिवशी, १ तारखेला, पुन्हा चालतं.