एसीचे आभार मानायला लाजायचं कशाला

दरवर्षी एप्रिल लागला की आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद पेटतो. कुणीतरी नवीन एसीचा फोटो टाकतं आणि लगेच काका-मामा मंडळी सुरू, आम्ही गच्चीवर झोपायचो, एसीनं अंग नाजूक होतं, लाईट बिल बघा, त्यापेक्षा झाडं लावा. मी दुबईत बसून हे सगळं वाचतो आणि मला मनापासून वाटतं की एसी शोधणाऱ्या माणसाचे आपण उघडपणे आभार मानले पाहिजेत.

विलिस कॅरियर त्याचं नाव. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा, मग एकावर एक छापलेले रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून त्यानं हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा काढली. म्हणजे सुरुवात कागदासाठी झाली, माणसासाठी नाही. त्याच काळात अमेरिकेतल्या कापड गिरण्यांतही सुतासाठी हवा सांभाळायची यंत्रं बसत होती. कोरड्या हवेत धागा तुटतो हे सोलापूरकराला कुणी सांगायला नको. मला खटकतं ते एवढंच, की धाग्याची काळजी शंभर वर्षांपूर्वीच घेतली गेली आणि मागावर उभ्या माणसाला गारवा म्हटलं की आजही ती चैन ठरते.

काका म्हणतात ते खोटं नाही, पण ते माळवदाच्या घरात वाढले. जाड भिंती, वर मातीचा थर, दुपारी आत गेलं की बरं वाटायचं. आता घरं स्लॅबची नाहीतर पत्र्याची. ४३-४४ डिग्रीला दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचं हृदय तिथंच थकतं. अमेरिकेत विसाव्या शतकात अति गरम दिवसांतले मृत्यू साधारण ७५ टक्क्यांनी घटले आणि अभ्यासकांनी त्याचं मुख्य श्रेय घरातल्या एसीला दिलंय. याला चैन कसं म्हणायचं?

कूलर आहे की, असंही म्हणतात. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा कूलर छान चालतो, मान्य. पण त्याला पाणी लागतं आणि आपल्याकडं नळ रोज येत नाही, आणि पाऊस पडून हवा दमट झाली की तो नुसता ओला वारा फेकतो.

इथं दुबईत बसस्टॉपसुद्धा एसीचे आहेत. ली क्वान यू यांनी सिंगापूरचे पंतप्रधान झाल्यावर आधी सरकारी ऑफिसांत एसी बसवले, गरम देशात काम करायचं तर हे हवंच असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण इथलं सगळं चांगलंय असं मी म्हणणार नाही, बांधकामावर उन्हात उभा असतो तो बहुतेक वेळा आपल्याच भागातनं आलेला माणूस. निदान १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानं बंद असतं. आपल्याकडं असा कायदा का नको?

झाडं लावा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. आपली वीज फताटेवाडीसारख्या कोळशाच्या प्लांटमधनं येते, आणि एसी घरातली उष्णता उचलून बोळात टाकतो, ती शेजारच्या पत्र्याच्या घराला सोसावी लागते, हे मलाही टोचतं. म्हणून एसी १८ वर नको, २४-२६ वर ठेवा, सोबत पंखा लावा, स्लॅबला पांढरा रंग मारा, इन्व्हर्टरवाला फाईव्ह स्टार घ्या. पण ज्यांच्या घरात आधीच एसी आहे त्यांनी दुसऱ्याला काटकसर शिकवू नये एवढं मला ठाम वाटतं.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत ठरली, त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली. तिथल्या विडी वळणाऱ्या बाईला उद्या एसी परवडेल असं नाही. मग मे महिन्यात शाळा रिकाम्या असतात, प्रत्येक वॉर्डातल्या महापालिकेच्या एका शाळेत एक हॉल एसीचा करा, दुपारी बारा ते पाच उघडा ठेवा, म्हातारी माणसं, बाळंतिणी, लहान पोरं तिथं येऊन बसू देत. खर्चाचा प्रश्न येईल, तर ग्रुपवरच्या आम्ही बाहेर राहणाऱ्यांनी एकेका हॉलचा एसी द्यावा, पहिला मी देतो, जागा आणि वीज महापालिकेनं द्यावी.