पॉइंट कोणाचे आणि बिल कोणाचे

काकांना वर्षातून एकदा, फार तर दोनदा, हॉटेलात उतरावे लागते. या खेपेस त्यांनी कट्ट्यावर येऊन एवढेच विचारले, की हॉटेलच्या साखळीचे सभासद होऊन पुढे खोलीसाठी वापरता येणारे पॉइंट जमवावेत, की बुकिंगच्या संकेतस्थळावर दिसणारी १० टक्के सूट घेऊन मोकळे व्हावे. परंतु आमच्यातला एक मित्र निम्मा महिना फिरतीवर असतो आणि ताई हिशेबतपासनीस आहेत, त्यामुळे हा साधा प्रश्न साधा राहिला नाही.

फिरतीवाल्याने अर्थातच सभासदत्वाची बाजू घेतली. विमान कंपन्यांचे पाहून हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल साखळ्यांनी १९८३ साली अशा योजना काढल्या आणि त्या चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकल्या, त्या अर्थी ग्राहकाच्या पदरात काहीतरी पडत असलेच पाहिजे, असे तो म्हणाला. “टिकल्या त्या अर्थी कंपनीच्या पदरात पडत असले पाहिजे, एवढेच त्यातून सिद्ध होते,” असे म्हणून ताईंनी हिशेब मांडायला घेतला.

मॅरियट किंवा हिल्टनच्या बहुतेक हॉटेलांत खोलीभाड्याच्या एका डॉलरमागे मूळ १० पॉइंट मिळतात. म्हणजे १०० डॉलरच्या खोलीवर १,००० पॉइंट झाले. समजा, १२५ डॉलरची खोली २५,००० पॉइंटांना मिळत असेल, तर एका पॉइंटची किंमत अर्धा सेंट आणि त्या १,००० पॉइंटांची ५ डॉलर, तीही पुढे कधीतरी वापरले तरच. याउलट १० टक्के सुटीचे १० डॉलर आजच वाचतात आणि भाड्यावरचा करही तेवढ्या प्रमाणात उतरतो. “शिवाय,” ताई म्हणाल्या, “पॉइंट हे असे चलन आहे, की ते छापणाराच त्याची किंमत ठरवतो. मॅरियटने २०२२ साली कोणत्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचे ठरीव तक्तेच काढून टाकले. आता भाव चढला की पॉइंटही चढतात. आणि २४ महिने खात्यावर काहीच हालचाल झाली नाही, तर जमा असलेलेही जातात. काकांच्या फिरण्याचा वेग पाहता ही अट त्यांच्यासाठीच लिहिली असावी.”

फिरतीवाला मात्र हटला नाही. निव्वळ पॉइंट मोजणे ही त्याच्या मते कोती दृष्टी होती. मॅरियटकडे वर्षाला ५० रात्री भरल्या की प्लॅटिनम दर्जा मिळतो. मग उपलब्ध असेल तर मोठी खोली, दुपारी उशिरापर्यंत खोली ठेवण्याची मुभा आणि बऱ्याच हॉटेलांत न्याहारी, हे सगळे पदरमोड न करता मिळते. पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट माफ होतात. दुसऱ्या संकेतस्थळावरून बुकिंग केले, तर सहसा पॉइंटही नाहीत आणि त्या रात्री दर्जासाठी मोजल्याही जात नाहीत.

“पण त्या ५० रात्रींचे बिल कोण भरते?” ताईंनी विचारले.

“कंपनी.”

माझ्या मते खरा वाद येथेच संपला होता, जरी तो पुढे अर्धा तास चालला. या योजनांची सारी रचना पैसे एकाने भरावेत आणि पॉइंट दुसऱ्याने घ्यावेत या व्यवहारावर उत्तम चालते. दुसऱ्याच्या खिशातून बिल जात असताना १० टक्के सुटीचा मोह कोणाला होणार? स्वतःच्या पैशाने उतरणाऱ्याने मात्र केवळ दर्जासाठी महागडी खोली घेणे म्हणजे फुकटच्या न्याहारीचे पैसे आधीच भरून ठेवणे होय. (हा टोमणा फिरतीवाल्याला लागू नाही, असे त्यानेच मला दोनदा बजावले.)

तरीही काकांना एक गोष्ट सांगणे भाग होते, ती अशी की सूट आणि सभासदत्व यांत दर वेळी एकच निवडावे लागत नाही. बुकिंगच्या संकेतस्थळांना हॉटेलांकडून मोठे कमिशन जाते. ते वाचवण्यासाठी साखळ्या आपल्या सभासदांना थेट बुकिंगवर थोडा कमी दर देतात आणि २०१६ साली हिल्टनने त्यासाठी मोठी जाहिरात मोहीमही काढली होती. सभासदत्व फुकट असल्यामुळे आधी तो दर पाहावा, मग त्याच खोलीचा संकेतस्थळावरचा दर करासहित पाहावा आणि दोन्हीकडे रद्द करण्याची अट सारखीच आहे ना, हे तपासावे. कारण स्वस्त दिसणारा दर पुष्कळदा परतावा न मिळणारा असतो.

काकांनी तेथेच फोन काढून दोन्ही दर पाहिले. सभासदांचा दर थोडासाच जास्त होता, पण आदल्या दिवसापर्यंत बुकिंग रद्द करता येत होते. सुटीच्या दरात ती सोय नव्हती. त्यांनी सभासदांचा दर घेतला. “म्हणजे मीच जिंकलो,” असे फिरतीवाला म्हणाला, तेव्हा पॉइंट कसे पाहायचे असतात हे काकांनी त्याला विचारलेही नाही.