जंगली ऑर्किडच्या पावडरीचा तो फॉरवर्ड

"जंगली ऑर्किडचा कंद शंभर रोगांवर रामबाण, शुगर मुळापासून जाते, पुरुषांची ताकद वाढते. लॅबमध्ये वाढवलेलं ऑर्किड मात्र निर्जीव, नुसतं केमिकल." हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. एरवी मी सोडून दिलं असतं, पण माझ्या आत्याने त्याच्या भरवशावर पावडर मागवली आणि आठवडाभर शुगरची गोळीच घेतली नाही, आम्हाला कळलं तेव्हा शुगर बरीच चढलेली होती. म्हणून लिहितेय.

आधी शुगरचं. डेंड्रोबियम नावाच्या ऑर्किडमधल्या काही घटकांवर उंदरांमध्ये प्रयोग झालेत, हे खरं आहे. पण उंदराला मोजून दिलेला अर्क वेगळा आणि पाकिटातली पावडर वेगळी. ऑर्किडच्या कुळात जवळपास 28,000 जाती आहेत आणि मेसेजमध्ये एकाही जातीचं नाव नाही! एवढ्यावर कुणाला चालू गोळी बंद करायला सांगणं हा सरळ सरळ जिवाशी खेळ आहे.

ताकदीचं तर सोडूनच द्या. जमिनीत वाढणाऱ्या काही ऑर्किडना दोन गोल कंद असतात, ते अंडकोषासारखे दिसतात, ग्रीक भाषेत 'ऑर्किस' म्हणजे अंडकोषच, त्यावरून हे नाव पडलं आणि त्या दिसण्यावरूनच ही समजूत निघाली. कंदात असतं काय, तर मुख्यतः स्टार्च आणि ग्लुकोमॅनन नावाचं पिष्टासारखंच कर्बोदक, म्हणजे झाडाचा पुढच्या वर्षीचा साठा.

आता 'लॅबमधलं निर्जीव' हा मुद्दा, मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात कोंबाला पुरेल असं अन्नच नसतं. जंगलात एक विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं, हे 1899 मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. मग 1922 मध्ये लुइस नडसनने बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बी रुजवून दाखवलं. लॅबमध्ये होतं ते एवढंच, बुरशी द्यायची ती साखर बाटलीत मिळते. रोप जिवंतच असतं, वाढतं, फुलतं आणि जात तीच राहते, त्यात निर्जीव काय आहे?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. औषधी घटकांचं प्रमाण झाडाचं वय, उजेड, सोबतची बुरशी यावर बदलतं, त्यामुळे बाटलीतल्या कोवळ्या रोपात एखादा घटक कमी असू शकतो. पण हाच नियम जंगलातल्या झाडालाही लागू आहे, उलट तिथे तर दोन कंद सारखे निघतील याची काहीच खात्री नाही. आणि चिनी औषधांमध्ये डोकेदुखी-चक्करसाठी वापरतात तो गॅस्ट्रोडिन, तो मुळात एका ऑर्किडच्याच कंदात सापडलेला, आज कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होतो. 'केमिकल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हेही चूक. डेंड्रोबियममधलं डेंड्रोबिन नावाचं रसायन जास्त मात्रेत दिल्यावर प्राण्यांना झटके आलेले आहेत.

आयुर्वेदाचं नाव पुढे करतात त्यांच्यासाठी आयुर्वेदातलाच दाखला देते. अष्टवर्ग म्हणजे आठ औषधी वनस्पतींचा गट, त्यातली जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी ही चार ऑर्किडं मानली जातात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाश या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की अष्टवर्ग राजांनाही दुर्मिळ आहे म्हणून वैद्याने त्याच गुणाचं दुसरं द्रव्य घ्यावं, आणि पर्यायही दिलेत, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. म्हणजे जंगली ऑर्किडच हवं हा हट्ट भावमिश्रांनीही धरलेला नाही, तो या मेसेजवाल्यांचा आहे.

आणि खणण्याचा परिणाम बघा. सालेप नावाची एक किलो कंदपावडर करायला साधारण 1,000 ते 4,000 कंद लागतात आणि नवा कंद काढला की ते झाड संपलं. सगळं ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, परवान्याशिवाय जंगली ऑर्किड एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. त्याच करारात बहुतेक ऑर्किडांच्या निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना मात्र सूट आहे, कारण त्यांच्यामुळे जंगल ओरबाडलं जात नाही.

आत्याची गोळी परत सुरू झालीय. पाकीट मी डॉक्टरांना दाखवायला ठेवलंय, त्यावर फक्त 'शुद्ध जंगली ऑर्किड' एवढंच छापलंय. ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी निदान एवढं तरी सांगावं, कंद कुठल्या जातीचा होता आणि कुठून खणला.