पावतीवर नाव कोणाचं?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. गिरगावातल्या कुठल्याशा चाळीचा फोटो आणि खाली मजकूर, ‘हे लोक दोनशे रुपयांत दक्षिण मुंबईत राहतात आणि तुम्ही ईएमआय भरत बसा.’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एका सद्गृहस्थांनी तर लिहिलं, ‘फुकटे आहेत. बापाची जागा असल्यासारखे बसलेत.’ तिथे उत्तर दिलं असतं तर दिवसभर रामायण चाललं असतं, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, वेळ असेल तर वाचा.

माझी आत्या गिरगावातल्या चाळीत राहते. दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. जन्म तिथलाच. लग्न केलं नाही. म्हणजे करायचं राहून गेलं. आधी आजी अंथरुणाला खिळली, मग आजोबांचा दमा. तिन्ही भाऊ एकेक करून डोंबिवली, ठाणे, बोरिवली असे पांगले. (त्यातले एक माझे बाबा, तेव्हा मी तटस्थ वगैरे नाहीये.) आजोबा गेल्यावर भाड्याची पावती (म्हणजे भाडेकरू कोण, हे सांगणारा कागद) थोरल्या काकांच्या नावावर झाली. चर्चासुद्धा झाली नाही. ‘बाईमाणसाच्या नावावर कशाला, उद्या मालकाशी भांडायला कोण जाणार?’ भांडायला अर्थातच आत्याच गेली. गळतीसाठी, नळासाठी, गॅलरीला लावलेले टेकू कधी काढणार हे विचारायला. काका डोंबिवलीला होते.

आता त्या ‘फुकटे’ शब्दाबद्दल. आजीच्या पाटल्या मोडून आजोबांनी पागडी, म्हणजे खोली भाड्याने मिळावी म्हणून मालकाला एकरकमी द्यायची रक्कम, दिली होती. त्या काळात ती रक्कम फुकट नव्हती. १९४७च्या भाडेकायद्यानुसार पागडी घेणं गुन्हा होता, म्हणून सगळा व्यवहार रोखीत, कागदावर काही नाही. मालकांनी घेतली, भाडेकरूंनी दिली, सरकारने डोळे मिटले. नवा कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २०००ला, तेव्हा कुठे पागडीला कायद्यात जागा मिळाली. म्हणजे आमच्याकडून पागडीचे पैसे घेतले तेव्हा त्यांची पावती दिली नाही आणि आता पुरावा मागताय. वर खोली दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटलं की साधारण तिसरा हिस्सा मालकाचा, ही रीत आहेच. हे फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नसतं.

हो, मालकांवर अन्याय झालाय. सप्टेंबर १९४०च्या पातळीवर भाडी गोठवून ठेवणं अवाजवी आहे असं सुप्रीम कोर्टानेच १९९७मध्ये म्हटलंय. आता वर्षाला चार टक्के वाढ मिळते, पण मुळात दीडशे असलेल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे सहा रुपये. एवढ्यात प्लंबर फोनसुद्धा उचलत नाही. मान्य. झालं लिहून, पुढे जाऊ.

कारण खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. या वादात दोनच पार्ट्या बोलतात. एक म्हणते, भाडेहक्क वारशाने मिळणं बंदच करा, भाडेकरू गेला की खोली मालकाची. दुसरी म्हणते, वाडवडिलांची जागा आहे, सगळ्या मुलांचा सारखा हिस्सा. आणि जी बाई त्या खोलीत पहाटे चारला उठून पाणी भरते, तिचं नाव दोन्हीकडे नाही.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क पहिला. तसं कोणी नसेल तर मग इतर वारस. एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवेल. सरळ आहे ना? राहतो त्याची खोली. पण पावत्या कायदा वाचून होत नाहीत, घरातल्या थोरल्या पुरुषाच्या नावावर होतात. आत्याने ‘माझी हरकत नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली तेव्हा ती आजोबांच्या तेराव्याची भांडी घासत होती. हात पुसून सही केली, परत घासायला बसली. आज वकील म्हणतात, तो कागद अडचणीचा आहे.

तोपर्यंत जुने मालक बरे होते म्हणायचे. त्यांचा मेहता (भाडं गोळा करणारा कारकून) दर महिन्याला यायचा, चहा घ्यायचा, पावती फाडून द्यायचा. आत्याने त्या सगळ्या पावत्या तारेला ओवून ठेवल्यात, कोपरे गंजाने तांबूस झालेत. तारीख, भाडं, दुरुस्ती उपकर, सगळं एका हस्ताक्षरात. त्या मालकांच्या घरीही पुढे हाल झाले म्हणतात, भावाभावांत दावे लागले आणि त्यांनी इमारत विकून टाकली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, खरंच नाही. नव्या मालकाने भाडं घेणंच बंद केलं. मनीऑर्डर पाठवली की परत येते. आणि मागच्या महिन्यात त्याचा माणूस दारात उभा राहून म्हणतो, ‘मावशी, पावतीवरचे गृहस्थ तर इथे राहत नाहीत, मग तुम्ही कोण?’

तुम्ही कोण! त्या घरात जन्मलेल्या बाईला!

बरं, हे त्याला सुचलं कसं? कारण असे लोक आहेत. ठाकुरद्वारला आईची खोली कुलूप लावून ठेवायची, स्वतः न्यू जर्सीत बसायचं आणि रीडेव्हलपमेंटचा वास आला की विमानाचं तिकीट काढायचं. पुनर्विकासात किमान तीनशे चौरस फूट कार्पेट मिळतं ना, त्यासाठी. अशांना बाहेर काढा, मी हार घालायला येते. सहा महिने कारणाशिवाय जागा वापरली नाही तर ती खाली करून घेण्याची सोय कायद्यात आहे, वापरा ना ती. पण त्यांच्याकडे वकील असतो, म्हणून दांडका पडतो तो आत्यासारख्यांच्या डोक्यात.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला तेव्हाही असेच फॉरवर्ड फिरले होते, ‘पागडी संपली’. काही संपलं नव्हतं. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, एवढं बहुमताने म्हटलं. मुंबईच्या घरमालकांचीच ती केस, १९९२पासून चाललेली. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी जुनी) इमारत संपादित करायची आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट द्यायचे, या तरतुदीवरून पेटलेली. शंभर पट म्हणजे आत्याच्या खोलीचे पंचवीस हजारसुद्धा होणार नाहीत, तेव्हा मालक कोर्टात गेले याचं मला आश्चर्य नाही. (घ्या, आणखी एकदा मान्य केलं.)

‘मग पडकी इमारत सोडून का जात नाहीत?’ हाही लाडका प्रश्न. भेंडी बाजारात २०१७ला हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. चाळीतल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, पाऊस जोरात लागला की आत्या गॅलरीकडचा पलंग आत ओढते. पण एकदा ट्रान्झिट कॅम्पला, म्हणजे तात्पुरत्या पर्यायी घरांत, गेलेली माणसं तिथेच म्हातारी झालेली तिने पाहिलीत. आणि पावतीवर तर तिचं नावच नाही. बाहेर पडली तर परत यायचं कोणाच्या भरवशावर?

आता बिल्डर आलाय. पुनर्विकासासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती गोळा करतोय. अचानक सगळ्यांना गिरगाव आठवलं. गणपतीत ‘आत्या, खोलीत फार उकडतं गं’ म्हणून अर्ध्या तासात निघणारी मंडळी आता नकाशा बघतात, पूर्वेकडचा फ्लॅट हवा म्हणतात. आणि परवा काकांचा मुलगा फोनवर काय म्हणाला माहितीये? ‘आत्याचं बघू ना आपण. तिला बदलापूरला कुठेतरी भाड्याने घेऊन देऊ.’

भाड्याने. अकरा महिन्यांच्या करारावर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला.

रविवारी संमतीपत्रावर सह्यांची मीटिंग आहे आणि आत्या जाणार आहे. तारेला ओवलेल्या पावत्या, रेशनकार्ड, लाईटबिलं, परत आलेल्या मनीऑर्डरी, सगळं मी पिशवीत भरलंय आणि त्याआधी शुक्रवारी तिला वकिलाकडे घेऊन चाललेय. लघुवाद कोर्टात (भाड्याचे दावे तिथेच चालतात) जावं लागलं तर जाऊ. दादा, तू हे वाचतोयस, मला माहितीये. लाईक नको करूस, काकांना घेऊन रविवारच्या आत तिच्याकडे ये.