दीडशे पॉइंट आणि एक अनाथ

रविवारी चारला सुपरहिरोंचा रोल-प्लेइंग गेम सुरू करायचं ठरतं; प्रत्येकाने एक हिरो बनून खेळायचं, खेळ चालवायचा मी. साडेसहाला आम्ही अजून कॅरेक्टरच बनवतोय! चहा दोनदा झाला, चिवडा संपला, खलनायक बिचारा माझ्या वहीत ताटकळत बसलाय.

या खेळाचं नाव ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’. त्यात पॉवर लेव्हल, म्हणजे ताकदीची पातळी, 10 असली की हिरो बनवायला 150 पॉइंट मिळतात. क्षमतेची एक पायरी 2 पॉइंटला, उडण्याचीही 2 ला. हल्ल्याचा बोनस आणि त्याचा इफेक्ट (म्हणजे परिणाम किती जोरदार) मिळून 20 च्या वर जायचं नाही. एवढंच! पण आमच्यातला एक महाभाग दरवेळी 163 वर पोचतो आणि मग मंडईत कोथिंबिरीला घासाघीस करावी तसा माझ्याशी हुज्जत घालतो. ‘अरे, उडणं थोडं कमी करतो ना, टफनेस राहू दे.’ टफनेस (मार सोसणं) वाढवलास तर डॉज (वार चुकवणं) उतरव, दोन्हींची बेरीजही 20 च! हे मी किती वेळा सांगू?

आणि हा हिरो आहे कोण? ते विचारलं की साहेब छताकडे बघतात. ‘आईवडील वारले.’ परत? गेल्या तीन हिरोंचे आईवडील वारलेच होते की रे! कॉम्प्लिकेशनचा, म्हणजे हिरोच्या अडचणींचा, रकाना कोरा. अरे, त्यातूनच खेळात ऐनवेळी कामी येणारे हिरो पॉइंट मिळतात, फुकटात! घरमालकाशी भांडण लिही, उंचीची भीती लिही, काहीतरी लिही.

काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज : ‘नवीन कॅरेक्टर सुचलंय, जुनं रद्द करू का?’