६ तासांचा वाद, सिंगापूरहून पाहताना

सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, असे निर्देश ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढले, आणि तेव्हापासून भारतातल्या उद्योगजगतात या मुदतीवरून वाद सुरू आहे. मी सिंगापूरमध्ये कंप्लायन्सचेच, म्हणजे कंपनीकडून असे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम करतो. इथे अत्यावश्यक यंत्रणांना २ तासांची मुदत आहे, न कळवल्यास कैदेची तरतूदही आहे, तरी तासांवरून एवढी ओरड इथे मी ऐकलेली नाही.

याचे एक कारण उघड आहे. इथली ही सक्ती वीज, पाणी, आरोग्य, बँका अशा ११ क्षेत्रांतील ज्या यंत्रणांना सरकारने लेखी अत्यावश्यक ठरवले आहे, त्यांच्या मालकांपुरती आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली ‘संरक्षित प्रणाली’, म्हणजे अशाच अत्यावश्यक संगणक यंत्रणा, वेगळ्या घोषित होतात, त्यांना २०१८चे स्वतंत्र नियमही आहेत. पण ६ तासांचा निर्देश वीज वितरण कंपनीला आणि दहा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला सारखाच लागू होतो. छोट्या कंपनीची तक्रार मला रास्त वाटते. वीज कंपनीची मात्र मुळीच वाटत नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते कळवल्यानंतरचे. २०१८ मध्ये ‘सिंगहेल्थ’ या रुग्णालयसमूहातून सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. चौकशी समितीने बरीचशी सुनावणी जाहीरपणे घेतली आणि जानेवारी २०१९ मध्ये साडेचारशेहून अधिक पानांचा अहवाल लोकांपुढे ठेवला. घटना हाताळण्याची जबाबदारी असलेल्या व्यवस्थापकाने, कळवले तर आपल्यावर आणि आपल्या चमूवर दबाव येईल म्हणून चालढकल केली, हे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. आमच्या कंपनीतल्या सरावात पाळीवरचा कर्मचारी साहेबांची वाट न पाहता पहिली सूचना स्वतः पाठवतो: काय बंद पडले, केव्हा लक्षात आले, संपर्क कोणाशी करायचा. बिघाडाचे कारण नंतर शोधले जाते. भारतातल्या कंपन्यांनी एवढा सराव केला, तर पहिल्या सूचनेला ६ तास भरपूर आहेत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर हल्ला झाला आणि कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. ५ सर्व्हर बाधित झाले, एका भागातला हल्ला दुसऱ्यात पसरू नये म्हणून करतात ती नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, एवढे संसदेतल्या उत्तरांतून कळले. पण कोणत्या पायरीवर कोण थांबले, हे इतर रुग्णालयांना वाचून शिकता येईल असा सविस्तर अहवाल आला नाही. उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सर्ट-इन’लाच माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आले. गोपनीयतेची गरज मला मान्य आहे. सिंगापूरनेही काही सुनावण्या बंद दाराआड घेतल्या. म्हणूनच उद्योगसंघटनांनी मुदतवाढ मागण्यात शक्ती घालवण्यापेक्षा, प्रत्येक मोठ्या घटनेचा संवेदनशील तपशील वगळलेला अहवाल ठरावीक काळात प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारवरही घालावे, अशी मागणी लावून धरायला हवी.