डिफच्या प्लगवर पाच फुटी पाईप? जरा थांबा

आमच्याकडच्या जीपवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: "मागच्या डिफरन्शिअलचा ड्रेन प्लग निघत नसेल तर आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा. तरी नाही सुटला तर पाच फुटी पाईप घाला. मग गॅसनं लाल करा. शेवटी छन्नीनं हाणा. बसवताना एम-सील लावून पूर्ण ताकदीनं आवळा."

डिफरन्शिअल, म्हणजे डिफ, हा मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा, आणि ड्रेन प्लग म्हणजे त्यातलं जुनं ऑइल काढायचं खालचं बूच. उलट्या आट्यांची अफवा कुठून आली असेल ते कळतं. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट खरंच उलट्या आट्यांचे होते. डिफच्या प्लगचे मात्र सरळच असतात. घोळ होतो तो माणूस कुठून बघतोय त्यानं. गाडीखाली झोपून प्लगच्या तोंडाकडं बघत असाल, तर घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सुटतो. कडेनं हात घालून अंदाजानं पाना लावला की दिशा फसते, आणि सोडतोय असं समजून गडी आवळत बसतो.

आता पान्याच्या दांड्यावर चढवायचा पाईप. फूटभर पान्यावर 40 किलोचा जोर दिला तर साधारण 120 न्यूटन-मीटर पीळ बसतो, पाच फुटी पाईपवर तोच सहाशेच्या घरात जातो. एवढा पीळ आट्यांवर गेला तर ठीक, पण तो जातो खाचेच्या कडांवर. बऱ्याच प्लगना चौकोनी नाहीतर ॲलन कीची खाच असते. मराठवाड्यातली काळी माती त्या खाचेत बसते, वाळते आणि विटेसारखी कडक होते. खाचेत घालायची टॉमी (दांडी) अर्धीच आत जाते, पाईपचा झटका बसतो आणि खाच गोल. म्हणून आधी खिळा, वायर ब्रश आणि डिझेल घेऊन खाच तळापर्यंत मोकळी करा. बाहेरून षटकोनी डोकं असेल तर सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. उघड्या तोंडाचा पाना तर लावूच नका. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या, पाच मिनिटांत काही होत नाही. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना पाईपला लोंबकळणाऱ्याला काय म्हणावं? स्टँड लावा.

मेसेजमध्ये सगळ्यात मोठी चूक आहे ती न लिहिलेल्या गोष्टीची. आधी वरचा फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायचं बूच, सोडायचा असतो. ड्रेन निघाला, ऑइल सांडलं आणि फिलर अडकला, तर गाडी जाग्यावर बसली. उलट फिलर निघत असेल तर खालचा प्लग हट्ट धरून बसला तरी पंपानं, मोठ्या सिरिंजनं जुनं ऑइल वरून ओढता येतं. ॲक्सलला मागं बोल्टचं झाकण असेल तर ते उघडूनही काम होतं. नवा पॅकिंग तेवढा लागतो.

"लाल करा" हे सरळ धोक्याचं. आत गिअर ऑइल आहे, शेजारी रबरी ऑइल सील आहे, ॲक्सलवरून ब्रेकची नळी गेलेली आहे. शिवाय प्लग स्टीलचा, हौसिंग (डिफचं बाहेरचं कवच) बहुधा बिडाचं. दोन्ही तापून जवळपास सारखेच फुगतात. फायदा हवा असेल तर प्लगभोवतीचं हौसिंग प्लगपेक्षा गरम हवं, तेही हीट गननं, बेतानं. आधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणली तर ऑइलही पातळ होऊन नीट उतरतं.

हातोड्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. प्लगच्या डोक्यावर पंच धरून सरळ, हलके चार ठोके दिले तर गंजाची पकड सुटते. छन्नी तिरकी लावून हाणली तर बीड तडकू शकतं. खाच पार गेलीच असेल तर वेल्डरकडून प्लगवर नट जोडून घ्या, पण त्याआधी ऑइल वरून काढा आणि बॅटरीची तार सोडा.

राहिलं एम-सील. आज जो प्लग निघत नाही, तो बऱ्याचदा मागच्या वेळी कुणीतरी असाच आवळलेला असतो. आटे पुसा. वॉशरचा प्लग असेल तर वॉशर नवा टाका. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, तिथं थोडं थ्रेड सीलंट पुरतं. पीळ गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं द्या. चुंबकाच्या प्लगवर करडा लगदा दिसला तर घाबरू नका, धातूचे तुकडे दिसले तर डिफमधले क्राऊन-पिनियन गिअर मेकॅनिकला दाखवा. नवं ऑइल गाडी सपाटीवर उभी करून, फिलरच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरा.